जागा न धरणारा माणूस

भूमच्या स्टँडवर गाडी लागली की आधी रुमाल आत जातात, मग माणसं. खिडकीतून टोपी, टॉवेल, पिशवी, जे हाताला येईल ते सीटवर पडतं आणि त्या सीटची मालकी ठरते. मी या कलेत पटाईत होते. सुट्टीला कारखान्यावरून तामलवाडीला घरी जायचं म्हणजे दोन गाड्या बदलायच्या, आणि रुमाल टाकला नाही तर तुळजापूरपर्यंत ताटकळत उभं राहायचं. बनसोडे साहेबांनी मात्र कधी रुमाल टाकला नाही. गर्दी चढेपर्यंत ते बाजूला उभे राहत, शेवटी चढत आणि वरची दांडी धरून उभ्यानं जात. एकदा मी माझ्या रुमालाशेजारी त्यांच्यासाठी पिशवी ठेवली, तर बसले नाहीत.

"स्वामीबाई, ज्याचं बूड सीटवर न्हाई, त्याची सीट न्हाई," असं म्हणून त्यांनी ती जागा एका कोंबडीवाल्याला दिली. भूमपासून बार्शीपर्यंत ती कोंबडी माझ्या पायाशी ओरडत होती. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

दयानंद बनसोडे आमच्या सहकारी साखर कारखान्यात संगणक बसवायला आले ते ऐंशीचं दशक उतरणीला लागलेलं असताना. पुण्याच्या कंपनीनं त्यांना महिनाभरासाठी पाठवलं होतं. गाव भूमशेजारच्या वाशीजवळचंच, तिथल्या बौद्ध वस्तीतलं घर. औरंगाबादला इंजिनिअरिंग केलेला आपल्या भागातला पोरगा म्हणून चेअरमननी त्यांना कारखान्यातच ठेवून घेतलं. उंच, किंचित वाकलेले, मे महिन्यातही शर्टाच्या बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. बोलताना पुण्याची भाषा वापरत, पण रागावले किंवा हळवे झाले की वाशीवर येत. दोन्ही गोष्टी वरचेवर होत असल्यामुळे ते बहुतेक वेळ वाशीवरच असत.

पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या ऊस विभागातल्या माठातलं पाणी सगळ्यांच्या ग्लासानं, ग्लास ओठाला लावून प्यायलं. ग्लास विसळून पालथा घातला आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवसापासून आमचे शेतकी अधिकारी ढवळे साहेब घरून स्वतःचा ग्लास आणायला लागले. कारण कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बनसोड्यांनी ते पाहिलं असणारच, कारण त्या खोलीत त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

माणूस गोड मुळीच नव्हता. कुणी पंखा चालू ठेवून खोलीबाहेर गेलं की ते त्याला परत बोलावून बटण बंद करायला लावत, मग तो ढवळे साहेब का असेना. कुणी अर्धा कप चहा पुढ्यात निवत ठेवला तर विचारत, "पिणार हाय का? मग कप अडकवून कशाला बसलाय?" कँटीनमध्ये कप कमी होते हे खरं. पण चहा पिताना असा जाब कुणाला आवडतो? मी एकदा म्हटलं, "साहेब, कप माझ्या हातात आहे, माझा जीव नाही गेला त्यात." त्यावर ते हसले नाहीत, मी कप रिकामा करेपर्यंत उभे राहिले.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. दिवाळीच्या आतच विहिरींचे तळ दिसायला लागले. उभा ऊस पाण्यावाचून पिवळा पडत होता, आणि अशा वर्षी आपल्या उसाला तोड कधी मिळते यावर शेतकऱ्याचं सगळं असतं. कायद्यानं ज्याची लागण आधीची त्याची तोड आधी. पण पूर्वी हे सगळं कारखान्याच्या गावोगावच्या गट ऑफिसात हातानं चाले, आणि तोडणीची टोळी ज्याचं वजन जास्त त्याच्या उसाच्या फडात आधी शिरे. बारक्या सभासदाचा ऊस बांधावर उभा राहून वाट बघे. संगणक आला आणि हे थांबलं. गावागावाची लागण यंत्रात भरलेली, यंत्र पाळी लावणार, तोडणीच्या चिठ्ठ्या छापून देणार. यंत्राला कोण कुणाचा मेहुणा ते कळत नव्हतं. त्यामुळे ते बऱ्याच जणांना पहिल्यापासून आवडलं नव्हतं.

आणि ऐन हंगामात ते बंद पडायला लागलं. दुपारी बारा-एकला, वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांची रीघ लागलेली असताना, सगळे पडदे एकदम गोठत. 'जागा शिल्लक नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ येई आणि पुढं काही नाही. यंत्र बंद करून पुन्हा चालू करायला तास जाई. तोवर बैल उन्हात धापा टाकत उभे. गाडीवान आम्हाला ज्या शिव्या घालत त्या मी इथं लिहीत नाही.

कारखान्याच्या एम.डी. साहेबांनी बनसोड्यांना बोलावून सांगितलं, "अजून एकदा बंद पडलं, तर पाळ्या परत गट ऑफिसला. वरून दाब आहे माझ्यावर." ढवळे साहेब तिथंच होते. ते म्हणाले, "जागा नाही म्हणतंय तर जागा वाढवा की. एवढं काय त्यात?"

"भांडी वाढवली म्हणून टँकर मोठा होतो का साहेब?" बनसोडे म्हणाले.

त्यांनी मला जसं समजावलं तसं सांगते, कारण मला तेवढंच कळलंय. यंत्राच्या पोटात सगळ्यांना वाटणी करून देणारा एक मूळ प्रोग्रॅम असतो, त्याला ते कर्नल म्हणत. कुणी एखादी फाइल उघडली की कर्नल आपल्या स्मरणात तिच्यासाठी एक खण राखतो. फाइल डिस्कवर कुठं आहे, केवढी आहे, कुणाच्या हातात आहे, हे त्या खणात. असे खण मोजके. फाइल बंद केली की कर्नल तो खण लगेच पुसून टाकी, आणि तीच फाइल पुन्हा मागितली की डिस्कवर पहिल्यापासून शोधाशोध. गावागणिक एक फाइल, आणि प्रत्येक गाव दिवसातून कितीदा तरी लागणार. या शोधाशोधीला कंटाळून आमचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी शक्कल काढली होती, की सकाळी उघडलेली फाइल संध्याकाळपर्यंत सोडायचीच नाही. दुपार झाली की सगळे खण अडकलेले, आणि नव्या गावाला जागा नाही.

"लोकं वाईट न्हाईत, स्वामीबाई. भ्यालेली हायत," ते म्हणाले. डबा खाऊन आम्ही कारखान्याच्या लिंबाखाली बसलो होतो. "बहात्तरला आमच्या गावात टँकर यायचा. आला तर आला, भरवसा न्हाई. मग जो तो घरातलं असंल नसंल ते भांडं भरून ठिवायचा. परात, तांब्या, लेकराची वाटीसुदिक. एकाच्या घरात पाणी शिळं व्हायचं आन् मागच्याला घोट न्हाई. पुढं वस्तीवर टँकर वेगळा यायला लागला, तवा माझ्या आईनं रांग हातात घेतली."

त्यांच्या आईचे नियम असे. ज्या घागरीत खडा टाकलाय ती कुणाच्या तरी वापरात आहे, तिला हात लावायचा नाही. दोघी जावांची एकच घागर असेल तर खडे दोन. एकीनं आपला उचलला तरी दुसरीचा असेपर्यंत घागर तिथंच. खडे संपले तरी घागर ओतून द्यायची नाही, भरलेलीच सावलीला लावायची. मालकीण परत आली तर तयार पाणी तिच्या हाती. आणि एखादीला फारच नड असेल, मोकळं भांडं नसेल, तर सावलीतली जी सगळ्यांत जुनी, जिची कुणी विचारपूस केली नाही, ती आधी रिकामी करून द्यायची.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"बायांनी भांडी धरून ठिवायचं सोडलं. कुणी सांगितलं न्हाई. सोडलेलं परत मिळतंय म्हटल्यावर कोन कशाला धरून बसंल?"

कर्नलमध्ये त्यांना हेच करायचं होतं. पुण्यात त्यांनी त्याच प्रोग्रॅमवर काम केलं होतं, त्यामुळे कंपनीनं कुरकुरत का होईना पण मूळ मजकुराची टेप पाठवली. आठ-दहा दिवस ते पडद्यासमोरून हलले नाहीत. मग एका दुपारी कँटीनमधल्या झाडून सगळ्या बशा उचलून आणल्या आणि आमच्या टेबलावर मांडल्या. बशी म्हणजे खण, चिंचोका म्हणजे फाइल धरणारा. आम्हा कारकुनांना त्यांनी टर्मिनलं केलं, म्हणजे एकेक पडदा. ते गावाचं नाव पुकारत, आम्ही बशीत चिंचोका टाकायचा. ते "सोडा" म्हणत, आम्ही उचलायचा. रिकामी झालेली बशी ते टेबलाच्या कडेला सावकाश सरकवत. कँटीनवाला बशांसाठी दारात येऊन भांडत होता, त्यालाही त्यांनी एक गाव मागायला लावलं. आम्ही पोटभर हसलो. टर्मिनलं व्हायला आम्ही सगळे होतो. प्रिंटर व्हायला कुणी नव्हतं. तो फार खडखडतो म्हणून पलीकडच्या खोलीत दाराआड ठेवलेला होता, आणि त्याची आठवण आमच्यापैकी कुणालाच झाली नाही.

नवा कर्नल चालवायचा, पण त्यावर आधी एकाच गावच्या चिठ्ठ्या छापून बघायच्या, बाकीच्या गावांच्या फाइली नुसत्या उघडायच्या, असं ठरलं. बनसोड्यांनी स्वतःचं गाव निवडलं. त्या गावात त्या आठवड्यात त्यांच्या वडलांच्या उसाची पाळी होती. लिंबाजी बनसोड्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऊस लावला होता, पहिल्यांदा कारखान्याचे सभासद झाले होते. विहिरीला घागरभर पाणी उरलेलं. मी म्हटलं, "साहेब, दुसरं कुठलंही गाव घ्या."

"शिकायचं ते दुसऱ्याच्या उसावर शिकू व्हय?" एवढंच म्हणाले.

दिवसभर यंत्र असं पळालं की आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मागितलेलं गाव बोट उचलायच्या आत पडद्यावर. संध्याकाळी चिठ्ठ्या छापल्या, त्या वाटणारा चिटबॉय घेऊन गेला, टोळी हलली. बनसोड्यांनी त्या दिवशी कँटीनवाल्याला स्वतःहून चहा पाजला.

तिसऱ्या दिवशी कळलं, की टोळी त्यांच्या गावाला गेलीच नव्हती. चिठ्ठ्या त्या गावच्या म्हणून निघाल्या, पण त्यावर शेतं भलत्याच गावची होती. टोळीनं त्या दुसऱ्या गावी पाचटाच्या कोप्या टाकल्या होत्या, तोड सुरू केली होती. टोळीचा मुकादम हलायला तयार नाही. "तिकडं बैलांना प्यायला पानी न्हाई, म्या न्हाई येनार," त्यानं निरोप पाठवला, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

झालं होतं ते असं. चिठ्ठ्या छापायला फाइल प्रिंटरकडे गेली की टर्मिनल आपला चिंचोका उचलून मोकळं होई. पण प्रिंटर सावकाश, तो अजून त्याच फाइलमधून वाचत असे. त्याचा चिंचोका बनसोड्यांनी धरलेलाच नव्हता. बशी रिकामी समजून कर्नलनं ती दुसऱ्या गावाला दिली, आणि प्रिंटर समोर आलेलं ते गाव निमूटपणे छापत गेला.

ढवळे साहेब स्वतः उठून बनसोड्यांच्या टेबलाशी आले. मला त्यांचं आश्चर्य वाटलं. हलक्या आवाजात म्हणाले, "वडलांचा ऊस आहे. मी दुसऱ्या एखाद्या फडातली टोळी वळवतो तिकडं."

"कुणाच्या फडातली?"

ढवळे साहेब परत आपल्या टेबलाकडे गेले. बनसोड्यांनी त्यांना पुन्हा हाक मारली नाही. टोळी वळली नाही. मला आजही ठरवता येत नाही की त्यांनी बरोबर केलं की बापाचा गळा कापला. त्या वेळी मला तरी ते क्रूर वाटलं होतं.

पुन्हा टोळी मिळेपर्यंत वस्तीवरच्या तीन घरांचा ऊस वाळून गेला. वाळलेल्या उसाचा पंचनामा करायला ऊस विभागातून मला पाठवलं, आणि जीपमध्ये बनसोडे माझ्याआधीच बसलेले होते. शेतात लिंबाजी बांधावर उभे होते, लेकासारखेच उंच, लेकासारखेच वाकलेले. मला त्यांनी हात जोडले, लेकाकडे नुसतं पाहिलं.

"दादा, चूक माझी हाय," बनसोडे म्हणाले.

"यंत्राची न्हवं?"

"यंत्राचं मन म्याच लिवलंय."

म्हाताऱ्यानं एक ऊस मोडला, दातानं सोलला, चावला आणि चोथा थुंकला. आत लाल रेघ धरलेली होती. "छावनीला दिऊन टाका, बाई," ते मला म्हणाले. "जनावरं तरी जगतील." मग लेकाकडे वळले. "काय चुकलं?"

मला वाटलं, बनसोडे आता काही तरी गोलमाल सांगतील. एवढं सगळं बांधावर कसं सांगणार? पण त्यांनी सरळ सांगितलं. "आयची रांग लावली हुती, दादा. तिच्यासारखीच. समदे धरनारे मोजले. एक जन पल्याडच्या खोलीत हुता, दाराआड. त्याला मोजायचं ऱ्हायलं."

लिंबाजींनी पायानं वाळकं पाचट बाजूला सारलं. मग म्हणाले, "टँकर पैल्यांदा गावात यायचा तवा आपली भांडी कुठं असायची?"

उत्तर त्यांनी स्वतःच दिलं.

"रांगंत न्हवती. बाजूला, उकिरड्याजवळ. रांग मोजनारा यायचा, मोजायचा आन् जायचा. तुझी माय वरडायची, आमाला बी मोजा, आमाला बी मोजा. त्याच्यासाठनंच वस्तीचा टँकर वेगळा झाला." त्यांचा आवाज चढला नाही. "आन् तिच्याच लेकानं बाजूचा मोजला न्हाई व्हय रं?"

बनसोडे बांधावर बसले ते उठलेच नाहीत. मनगटापर्यंत बटणं लावलेल्या त्या हातांत त्यांनी तोंड झाकलं आणि रडले. मी पंचनाम्याचा कागद घेऊन तिथंच उभी. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. उसासाठी नाही. ऊस काय, त्या वर्षी पुष्कळांचा वाळला. म्हाताऱ्यानं लेकाच्या खांद्यावर हात ठेवला, पण थोपटला नाही.

"ऊठ," ते म्हणाले. "आता मोज."

कारखान्यावर परत येऊन बनसोड्यांनी पहिलं काम काय केलं, तर सुताराला बोलावून प्रिंटरच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढायला लावलं. त्यानं कर्नलमध्ये काही फरक पडत नव्हता, फरक त्यांनी नंतर दोन दिवस बसून लिहिला. दार का काढलं हे कुणी विचारलं नाही. त्यानंतर दिवसभर त्या खडखडाटात आम्ही ओरडून बोलायला लागलो, ते मी निवृत्त होईपर्यंत. या वेळी बशा मांडल्या तेव्हा प्रिंटर म्हणून ते स्वतः बसले. मग काट्याचं यंत्र, मग रात्रपाळीचा हिशेब, कोण कोण कधी फाइल धरतं ते सगळं आठवून आठवून चिंचोके टाकत गेलो. कँटीनवाल्यानं बशा मुकाट्यानं आणून दिल्या.

त्या हंगामात यंत्र पुन्हा बंद पडलं नाही. पाळ्या गट ऑफिसकडे गेल्या नाहीत. गाळप लवकरच आटोपलं, कारण गाळायला ऊसच नव्हता, पण जो होता तो लागणीच्या क्रमानं आला. अर्ध्या एकरवाल्याची गाडी चेअरमनच्या भावाच्या गाडीपुढं काट्यावर उभी असलेली मी या डोळ्यांनी पाहिली. कौतुक बनसोड्यांचं झालं, सत्काराचा नारळही मिळाला. तो त्यांनी गाडीवानांच्या कोपीत फोडला आणि स्वतः खोबरं खाल्लं नाही. ढवळे साहेबांनी सत्काराचं भाषण चांगलं केलं. घरचा ग्लास मात्र ते निवृत्तीपर्यंत आणत राहिले.

दोन वर्षांनी पुण्याच्या कंपनीनं बनसोड्यांना परत बोलावलं आणि ते गेले. लिंबाजींनी पुन्हा ऊस लावला नाही, ज्वारीवर आले. छातीचं दुखणं लागल्याचं कानावर येत होतं.

बनसोड्यांना मी शेवटचं पाहिलं ते भूमच्या स्टँडवर, बाजाराच्या दिवशी. मी माझ्या गाडीची वाट बघत होते. ते वडलांना उपचारासाठी पुण्याला न्यायला आले होते. लिंबाजी फलाटाच्या कठड्याला टेकून बसलेले, बोलताना दम लागत होता, तरी मला ओळखलं आणि हात जोडले. बार्शीवरून जाणारी पुण्याची गाडी आली तशी गर्दी उठली. टोप्या, टॉवेल, पिशव्या खिडक्यांतून आत पडायला लागल्या.

बनसोडे नेहमीसारखे बाजूला उभे होते. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा वडलांकडे. मग तो उंच माणूस गर्दीत घुसला, टाचा उंचावून त्यानं खिशातला पांढरा रुमाल काढला आणि पुढच्या खिडकीतून आतल्या सीटवर टाकला. त्या सीटवर एक जण बसायला लागला तर बाहेरून हात घालून बनसोडे घोगऱ्या आवाजात ओरडले, "ओ पावणं, ती जागा धरलीय! माझा माणूस हाय बाजूला!"

लिंबाजींना मी आणि कंडक्टरनं धरून चढवलं. ते सीटवर बसले, रुमाल उचलला, घडी घातली आणि गुडघ्यावर ठेवला. बनसोडे सगळ्यांत शेवटी चढले, वडलांच्या सीटशी येऊन वरची दांडी धरून उभे राहिले. गाडी वळेपर्यंत मला खिडकीतून त्यांच्या शर्टाची बाही दिसत होती, मनगटापर्यंत बटण लावलेली.